मोंटोयाने एफ वन सोडलं की एफ वनने मोंटोयाला? जुलै २००६ ची केस

२ जुलै २००६, इंडियानापोलिस, अमेरिकन ग्रां प्री. शर्यत सुरू होऊन काही सेकंद झाले नाहीत तोच पहिल्या वळणांच्या गर्दीत मॅक्लारेनच्या हुआन पाब्लो मोंटोयाने पुढच्या गाडीला मागून ठोकलं, आणि ती पुढची गाडी पण मॅक्लारेनच होती, किमी रायकोनेनची. मग काय, निक हाइडफेल्डची गाडी कोलांट्याच खात गेली, बटन वगैरे मंडळीही त्यात अडकली, सात-आठ गाड्यांचा खेळ तिथेच खलास. पुढच्या रविवारी, ९ जुलैला, मोंटोयाने जाहीर केलं की २००७ पासून आपण अमेरिकेत नॅसकार (तिथली स्टॉक-कार शर्यत) चालवणार, चिप गनासीच्या टीमकडून. ११ तारखेला मॅक्लारेनने सांगून टाकलं की उरलेल्या सीझनसाठीही तो आमच्या गाडीत नसेल, आणि १६ तारखेच्या फ्रेंच ग्रां प्रीला त्याच्या जागी पेद्रो दे ला रोसा बसलेला होता. म्हणजे अपघात ते निरोप, सगळं मिळून नऊ दिवस. वय ३०, ९४ शर्यती, ७ विजय, १३ पोल (शर्यत सगळ्यांच्या पुढून सुरू करायचा मान), आणि गडी परत कधी एफ वनच्या ग्रिडवर दिसला नाही.

यावर आजही दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते माजोरडा होता, वजन वाढलेलं, मेहनत नको होती, पळाला. दुसरी म्हणते मॅक्लारेनने त्याला संपवला. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं असं की त्याने तो निर्णय घेतला तेव्हा हातात जे पर्याय होते त्यात तो निर्णय शहाणपणाचाच होता, गडबड झाली ती त्याआधी तीन वर्षं आणि नंतर तीन-चार वर्षं, आणि लोक मात्र त्या नऊ दिवसांवरच वाद घालत बसतात. तर जरा मागून सुरुवात करू.

मोंटोया बोगोटाचा, जन्म २० सप्टेंबर १९७५. वडील आर्किटेक्ट, पण रेसिंगचं वेड असलेले, त्यांनीच त्याला लहानपणी गो-कार्टमध्ये बसवला. कोलंबियातून एफ वनपर्यंत जायला काही पायवाट नव्हती असं नाही, रॉबेर्तो गेरेरो ८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन सीझन एफ वन चालवून पुढे अमेरिकेत गेला आणि इंडी ५०० (इंडियानापोलिसची प्रसिद्ध ५०० मैलांची शर्यत) मध्ये १९८४ आणि १९८७ ला दुसरा आला. पण जिंकणारा कोलंबियन असा नव्हता. मोंटोयाने १९९८ ला फॉर्म्युला ३००० चं, म्हणजे एफ वनच्या खालच्या पायरीचं, टायटल घेतलं, त्यात हरवला कोणाला तर याच हाइडफेल्डला, आणि विल्यम्सचा टेस्ट ड्रायव्हरही होता. विल्यम्सला मात्र १९९९ साठी अमेरिकेतला चॅम्पियन अ‍ॅलेक्स झनार्डी हवा होता, झनार्डी होता गनासीकडे, मग सरळ अदलाबदल, झनार्डी इकडे मोंटोया तिकडे. कार्ट (CART, गो-कार्ट नव्हे) या अमेरिकेतल्या सिरीजमध्ये पहिल्याच वर्षी मोंटोया चॅम्पियन. तोही कसा, डारिओ फ्रँचिटी आणि तो दोघेही २१२ पॉइंटवर बरोबरीत, पण मोंटोयाचे विजय ७ आणि फ्रँचिटीचे ३, म्हणून टायटल मोंटोयाला. (हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) त्या शेवटच्या शर्यतीत, फोंटानाला, ग्रेग मूर गेला, त्यामुळे त्या टायटलचा आनंद धड कोणालाच करता आला नाही.

२००० मध्ये गनासीने त्याला इंडियानापोलिस ५०० ला नेला. ही शर्यत तेव्हा दुसऱ्या सिरीजची, कार्टच्या टीम भांडणामुळे तिकडे जात नव्हत्या. मोंटोया पहिल्यांदाच तिथे, २०० पैकी १६७ लॅप पुढे राहून जिंकला. असा माणूस २००१ ला विल्यम्स-बीएमडब्ल्यूमध्ये आला. तिसऱ्याच शर्यतीत, ब्राझीलच्या इंटरलागोसला, सेफ्टी कार आत गेली आणि पहिल्या वळणावर आतून घुसून त्याने मायकेल शूमाकरला मागे टाकलं, चाकाला चाक लावून. तेव्हा शूमाकरशी असं कोणी वागायचं नाही हो! पुढे ती शर्यत तो आरामात नेत होता आणि एक लॅप मागे असलेल्या यॉस व्हेरस्टापेनने (हो, मॅक्सचे वडील) त्याला मागून ठोकलं, संपलं. पण लोकांना कळलं की आता कोणीतरी आलाय. त्याच सप्टेंबरमध्ये इटलीच्या मोंझाला पहिला विजय.

इथून खरी केस सुरू होते, कारण २००२ ते २००४ मध्ये जे झालं त्याशिवाय २००६ कळत नाही. २००२ ला त्याने सात पोल काढले, त्यातले पाच सलग, आणि विजय किती? शून्य. फेरारीने १७ पैकी १५ शर्यती नेल्या, बाकीच्यांनी काय करायचं. मोंझाला क्वालिफायिंगमध्ये त्याने ताशी २५९ किमीच्या वर सरासरी काढून १९८५ चा केके रॉसबर्गचा रेकॉर्ड मोडला, २००४ ला परत तिथेच २६२ च्या वर नेला, आणि तो आकडा २०१८ पर्यंत कोणाला हलला नाही. म्हणजे वेगाबद्दल शंका नको. २००३ ला मोनॅको आणि जर्मनी जिंकला, आणि मोंझानंतर हिशोब होता शूमाकर ८२, मोंटोया ७९, रायकोनेन ७५, दोन शर्यती शिल्लक. पुढची शर्यत इंडियानापोलिस. तिथे सुरुवातीलाच बारिकेलोशी धडक, चूक मोंटोयाची ठरवली गेली, ड्राइव्ह-थ्रू पेनल्टी (पिटमधून हळू फिरून यायची शिक्षा), वर पाऊस, तो सहावा आला आणि टायटल गेलं. अजूनही ती पेनल्टी कडक होती असं म्हणणारे आहेत, मी त्यातलाच.

पण त्याच वर्षी जुलैत फ्रान्सच्या मॅन्यी-कूरला पिट स्टॉपच्या क्रमावरून त्याचं विल्यम्सशी जोरात वाजलं होतं. त्याला वाटलं टीममेट राल्फ शूमाकरला झुकतं माप दिलं. आणि नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की २००५ पासून तो मॅक्लारेनला जाणार. म्हणजे २००४ चं अख्खं वर्ष विल्यम्समध्ये तो जाणार जाणार म्हणून बसलेला ड्रायव्हर. माझ्या मते त्याच्या करिअरची खरी चूक ही आहे, जुलै २००६ नाही. एका रागाच्या वर्षात त्याने अशी टीम सोडली की जिला तो कसाही असला तरी चालत होता. आता यावर कोणी म्हणेल विल्यम्स तर पुढे घसरलीच, मोंटोयाने २००४ ची शेवटची शर्यत ब्राझीलला जिंकून दिली त्यानंतर विल्यम्सला पुढचा विजय थेट २०१२ ला स्पेनमध्ये मिळाला, मग सोडलं ते बरंच केलं ना? गाडी म्हणून बरं केलं. घर म्हणून नाही.

कारण मॅक्लारेन म्हणजे टीमचा बॉस रॉन डेनिसचं साम्राज्य. शर्टाची घडीसुद्धा नियमात. मोंटोया म्हणजे मनात आलं की बोलणार, फिटनेसच्या नावाने कंटाळणार, सुट्टीत घरी मियामीला जाऊन मुलाबाळांत आणि खेळण्यांत रमणार. २००५ चा सीझन सुरू होतोय तोच खांद्याला फ्रॅक्चर, दोन शर्यती बुडाल्या, टीमने कारण दिलं टेनिस खेळताना लागलं, आणि पॅडॉकमध्ये कोणाचाच त्यावर विश्वास बसला नाही, मोटरसायकलची कुजबुज चालू झाली ती झालीच. आता गंमत अशी की त्याच वर्षी तो तीन शर्यती जिंकला, सिल्व्हरस्टोन, मोंझा, इंटरलागोस, म्हणजे विजयांच्या आकड्यात त्याचं सगळ्यात मोठं वर्ष! पण शेजारी रायकोनेनने सात जिंकल्या. वर्षअखेर रायकोनेन ११२ पॉइंट, मोंटोया ६०. आणि टीमचं टायटल रेनोने १९१ विरुद्ध १८२ असं नेलं. नऊ पॉइंट. स्पाला तो दुसरा असताना शेवटाकडे पिझोनियाशी धडक, सुझुकाला पहिल्याच लॅपला बाहेर, कॅनडाला पिटचा लाल दिवा तोडला म्हणून बाद, यातलं कुठलंही एक घ्या आणि डेनिसच्या जागी बसून विचार करा. सगळे दोष त्याचेच होते असं नाही, पण हिशोबवहीत दोष कोणाचा हे लिहीत नाहीत.

(जाता जाता, २००५ ची इंडियानापोलिसची ती कुप्रसिद्ध शर्यत, मिशेलिन टायरवाल्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅप करून सरळ गॅरेजमध्ये गेल्या, त्यात मोंटोयाही होता, आणि उरलेल्या सहा गाड्यांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला, भारताचे एफ वनमधले पहिले पॉइंट. आपल्याकडे ती शर्यत याच कारणासाठी लक्षात आहे.)

मग १९ डिसेंबर २००५. मॅक्लारेनने जाहीर केलं, २००७ पासून फर्नांडो अलोन्सो आमचा. ताजा वर्ल्ड चॅम्पियन. माझ्या मते या केसमधली सगळ्यात महत्त्वाची तारीख हीच, २ जुलै नाही. कारण त्या दिवसापासून मोंटोयाला माहीत होतं की दोन खुर्च्यांपैकी एक गेली, दुसरीवर रायकोनेन असेल किंवा नसेल, आणि रायकोनेन नसला तरी मॅक्लारेनने लहानपणापासून पोसलेला एक पोरगा २००६ ला जीपी टू मध्ये (एफ वनच्या खालची सिरीज) धुमाकूळ घालत होता, लुईस हॅमिल्टन. म्हणजे २००६ चा पूर्ण सीझन मोंटोया नोटीस पीरियडवर होता असं म्हटलं तरी चालेल, फक्त नोटीस कोणी लेखी दिली नव्हती.

आणि २००६ ची गाडी वाईट निघाली. नियम बदलून व्ही टेन इंजिनांच्या जागी २.४ लिटरची व्ही एट आली, आणि मॅक्लारेन अख्ख्या वर्षात एकही शर्यत जिंकली नाही, रायकोनेनसुद्धा नाही. मोंटोयाचं खातं बघा, पहिल्या दहा शर्यतींत मोनॅकोला दुसरा, इमोलाला तिसरा, आणि मग ऑस्ट्रेलियात फॉर्मेशन लॅपलाच गिरकी, स्पेनमध्ये गिरकी, कॅनडात भिंत. २६ पॉइंट. ज्याच्याकडे पुढचं काँट्रॅक्ट नाही त्या माणसाने असं वर्ष काढायचं नसतं. बाहेर पर्याय काय होते? फेरारीत शिरायची शक्यता नाही, रेनोकडे फिसिकेला आणि रांगेत कोवालाइनेन, राहिल्या मधल्या फळीतल्या टीम, जिथे सातव्या-आठव्या जागेसाठी रडायचं. शूमाकरला चाक लावलेल्या माणसाला हे झेपणार नव्हतं, आणि मला तरी यात काही गैर वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर गनासी. हा माणूस त्याला ओळखत होता, त्याच्याकडे त्याने कार्ट टायटल आणि इंडी ५०० दोन्ही जिंकली होती, पत्रकारांसमोर काय बोलायचं याचे धडे कोणी देत नव्हतं. आणि गनासीचीही गरज होती, त्याची नॅसकार टीम २००२ नंतर एकही कप शर्यत (नॅसकारची सगळ्यात वरची लेव्हल) जिंकली नव्हती, ४२ नंबरची गाडी केसी मिअर्स सोडून चाललेला, नॅसकारला लॅटिन प्रेक्षक हवे होते. घर मियामीत. वर्षाला ३६ शर्यती, सगळ्या अमेरिकेत. लोक म्हणतात पैशासाठी गेला, आळसासाठी गेला, अरे आळशी माणूस ३६ शर्यतींचा सीझन घेतो का? एफ वनमध्ये तेव्हा १८ होत्या.

मग तो तिथे गेला ते काय प्रकरण होतं हे आपल्याकडच्या एफ वन पाहणाऱ्यांना नीट माहीत नसतं म्हणून थोडं सांगतो. एफ वनची गाडी सहाशे किलोच्या आसपास, नॅसकारची दीड टनाच्या वर. ५.८ लिटरचं व्ही एट, तेही त्या काळात कार्ब्युरेटरवालं, हाताने टाकायचे चार गिअर. डाउनफोर्स नावाला. ४३ गाड्या एकमेकींना घासत ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, तीन-चार तास. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे तिथे वेगवान असणं पुरत नाही, गाडी शर्यतभर बदलत जाते, टायर झिजतात, ट्रॅक गरम-थंड होतो, आणि ड्रायव्हरने रेडिओवर क्रू चीफला अचूक सांगायचं असतं की मागचा भाग निसटतोय की पुढचा ढकलला जातोय, मग ते पिटमध्ये पाना फिरवून अर्धा-एक फेरा इकडेतिकडे करणार. हे शिकायला तिथली पोरं दहा-पंधरा वर्षं घालवतात, छोट्या मातीच्या ट्रॅकपासून. मोंटोयाने सुरुवात केली ऑक्टोबर २००६ मध्ये.

सुरुवात खरंतर छान झाली. जानेवारी २००७ ला गनासीच्याच दुसऱ्या गाडीत डेटोना २४ तास जिंकला, मार्चमध्ये मेक्सिको सिटीला खालच्या लेव्हलची बुश शर्यत जिंकली (शेवटाकडे स्वतःच्याच टीमच्या स्कॉट प्रूएटला फिरवून, म्हणजे इंडियानापोलिसचा धडा काही शिकला नव्हता!), आणि २४ जूनला सोनोमाला बत्तिसाव्या नंबरवरून सुरू करून, पेट्रोल वाचवत वाचवत, पहिला कप विजय. रूकी ऑफ द इयर. एफ वन सोडून वर्षही झालं नव्हतं.

पण सोनोमा रोड कोर्स आहे, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेला, त्याच्या सवयीचा. दुसरा विजय २०१० ला वॉटकिन्स ग्लेनला, तोही रोड कोर्स. ओव्हलवर सात सीझनमध्ये एकही नाही. आकडे बघून लोक इथेच फाइल बंद करतात, आणि इथेच मला थांबून भांडायचंय. २००९ ची ब्रिकयार्ड ४०० घ्या, परत इंडियानापोलिस. १६० पैकी ११६ लॅप तो पुढे होता, कोणी जवळपास नव्हतं. ३५ लॅप शिल्लक असताना शेवटचा मोठा पिट स्टॉप, आणि पेनल्टी, पिट रोडवर स्पीडिंग. मर्यादा ताशी ५५ मैल, वर पाच मैलांची सूट, आणि हा ६० च्या केसभर वर. नॅसकारच्या गाडीत स्पीडोमीटर नसतो, टॅकोमीटर बघून अंदाजाने चालवायचं असतं, त्यामुळे सगळेच त्या काठावर खेळतात, हा घसरला. रेडिओवर बायको-पोरांची शपथ घेऊन सांगत होता की मी जोरात नव्हतो. अकरावा आला, जिमी जॉन्सन जिंकला. पुढच्या वर्षी तिथेच पोल, ८६ लॅप पुढे, मग शेवटाकडच्या पिट स्टॉपला टीमने चार टायर बदलले, बाकीच्यांनी दोन, हा गर्दीत फेकला गेला आणि तिथून निघायच्या धडपडीत भिंतीवर. जिंकला कोण? गनासीचाच दुसरा ड्रायव्हर, जेमी मॅकमरे. मॅकमरेने त्याच वर्षी डेटोना ५०० पण जिंकली होती.

म्हणून टीमच भंगार होती असं कोणी म्हणेल तर ते अर्धंच खरं. आणि तो ओव्हलवर चालवू शकत नव्हता हे तर खोटंच. २००९ ला तो प्लेऑफमध्ये जाऊन वर्षअखेर आठवा आला, आणि सातही सीझन मिळून नऊ कप पोल काढले. मग चुकलं कुठे? मला वाटतं २०१० नंतर निघायला हवं होतं. आठव्यावरून सतरावा, मग २१, २२, २१, हा उतार तीन वर्षं तो बघत बसला. फेब्रुवारी २०१२ ला डेटोना ५०० मध्ये पिवळ्या झेंड्याखाली गाडीचं मागचं काहीतरी तुटलं आणि हा थेट ट्रॅक वाळवणाऱ्या जेट इंजिनच्या ट्रकवर जाऊन आदळला, दोनेकशे गॅलन इंधनाचा भडका, शर्यत दोन तास बंद. हा आणि ट्रकचा ड्रायव्हर, दोघेही वाचले हे नशीब. पण जगभरात त्याचं नॅसकार करिअर म्हणजे तो व्हिडिओ, हे किती अन्यायाचं आहे बघा. २०१३ अखेर गनासीने त्याला सोडलं, जागेवर काइल लार्सन आला. जुना दोस्त झाला तरी मालक तो मालक.

निर्णय बरा की वाईट हे बघायचं तर त्याच वाटेने गेलेल्या इतरांकडेही बघायला हवं. जाक विलनव्ह, वर्ल्ड चॅम्पियन, इंडी ५०० विजेता, त्याचीही एफ वन २००६ च्या उन्हाळ्यातच संपली, नॅसकारमध्ये शिरायला गेला आणि २००८ च्या डेटोना ५०० ला क्वालिफायच झाला नाही, प्रकरण तिथेच आटपलं. फ्रँचिटी, १९९९ चा तो बरोबरीवाला, २००८ ला गनासीकडेच आला, वर्षाच्या मध्यात स्पॉन्सर नाही म्हणून त्याची टीमच बंद. स्कॉट स्पीड आला, गेला. आपला कार्तिकेयनही २०१० ला ट्रक सिरीजमध्ये होता, फॅन्सच्या मतांवर मोस्ट पॉप्युलर ड्रायव्हर ठरला, पण वर जाता आलं नाही. या सगळ्यांच्या पुढे मोंटोयाचे दोन विजय आणि सलग सात सीझन ठेवा, मग ते लहान दिसत नाहीत.

आणि वेग संपला म्हणून एफ वनमधून पळाला म्हणणाऱ्यांना उत्तर २०१४ मध्ये मिळालं. पेन्स्की टीमने त्याला इंडीकारला (इंडी ५०० ज्या सिरीजची ती) बोलावलं, वय ३८, चौदा वर्षांनी परत त्या गाड्यांत, त्याच वर्षी पोकोनो जिंकला. २०१५ च्या इंडी ५०० ला सुरुवातीलाच पिवळ्या झेंड्याखाली मागून कोणीतरी धडकलं, गाडीचा मागचा भाग मोडला, दुरुस्तीत तिसाव्या नंबरवर गेला, तिथून वर येत येत शेवटच्या लॅपांत विल पॉवरला हरवून जिंकला. दोन विजयांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर, इतकं कोणाचंच नाही. त्याच सीझनला पहिल्या शर्यतीपासून तो पॉइंट टेबलवर पहिला होता, शेवटची शर्यत सोनोमा, डबल पॉइंट, तिथे टीममेट पॉवरशीच टक्कर (सवय!), आणि स्कॉट डिक्सन बरोबरीत आला, ५५६-५५६. विजय मोजले, डिक्सनचे तीन, मोंटोयाचे दोन. टायटल डिक्सनला. डिक्सन चालवत होता गनासीची गाडी.

आता त्या मूळ प्रश्नाचं. मॅक्लारेनने २००७ ला अलोन्सो आणि हॅमिल्टन ही जोडी उतरवली, दोघांचं पटलं नाही, फेरारीच्या कागदपत्रांचं हेरगिरी प्रकरण निघालं, १० कोटी डॉलरचा दंड, टीमचे सगळे पॉइंट रद्द, आणि ड्रायव्हरचं टायटल एका पॉइंटने गेलं, ते नेलं फेरारीत गेलेल्या रायकोनेनने. मोंटोया त्याच वर्षी नॅसकारमध्ये रूकी ऑफ द इयर ठरला. त्या टीममध्ये त्याला जागा नव्हतीच, हे त्याला डिसेंबर २००५ मध्ये कळलं होतं, आणि हाकलायच्या आत त्याने दुसरी नोकरी पक्की करून राजीनामा टाकला. आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात कोणी असं केलं तर आपण त्याला पळपुटा म्हणत नाही.